साखरेचा तह आणि हेतूचें निवेदन

ब्रिटननें १९७३ सालीं युरोपीय सामायिक बाजारपेठेंत प्रवेश केला ही घटना आपल्याकडे बहुधा युरोपच्या घरांतलें एक कौटुंबिक प्रकरण म्हणून वाचली जाते. आतां तर २०२० सालीं ब्रिटन त्या घरांतून बाहेरहि पडलें, तेव्हां मूळच्या गृहप्रवेशाची कथा अधिकच जुनी वाटूं लागली आहे. जनरल द गॉल यांचा नकार, एडवर्ड हीथ यांची चिकाटी, पार्लमेंटांत २८ ऑक्टोबर १९७१ च्या रात्रीं ३५६ विरुद्ध २४४ मतांनीं लागलेला निकाल, हे प्रसंग नाट्यमय आहेत यांत शंका नाहीं. २२ जानेवारी १९७२ रोजीं ब्रुसेल्सच्या एग्माँ राजवाड्यांत प्रवेशाच्या तहावर सह्या व्हावयाच्या होत्या. आंत शिरणाऱ्या हीथ यांच्या अंगावर एका स्त्रीनें शाई फेकली आणि समारंभ कांहीं वेळ खोळंबला, ही गोष्टहि पुस्तकांतून आवडीनें सांगितली जाते. परंतु त्या दिवशीं ज्या कागदांवर सह्या झाल्या त्यांच्या पुरवण्यांकडे फारसें कोणी वळत नाहीं. तहाचीं मुख्य कलमें मुत्सद्द्यांसाठीं असतात. उसाच्या शेतांत आणि तागाच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांचें भवितव्य पुरवण्यांत लिहिलेलें असतें, आणि त्यांना त्या वाचावयास मिळत नाहींत.

प्रस्तुत लेखाचा विषय अशा दोन पुरवण्या हा आहे. एकीचें नांव बाविसावा प्रोटोकॉल. तींत आफ्रिका, कॅरिबियन समुद्र व पॅसिफिक महासागर यांतील राष्ट्रकुलाच्या वीस स्वतंत्र देशांना उद्देशून कांहीं वचनें होतीं. दुसरी म्हणजे ‘हेतूचें संयुक्त निवेदन’. तें भारत, पाकिस्तान, सिलोन, मलेशिया व सिंगापूर या पांच आशियाई देशांसाठीं होतें. पहिलीतून तीन वर्षांनीं टनांचे आकडे आणि किंमतीची हमी असलेला करार निघाला. दुसरीतून सदिच्छा, बैठका आणि एक संयुक्त आयोग निघाला. एकाच साम्राज्याच्या छायेखालीं वाढलेल्या देशांच्या वांट्याला हा पंक्तिप्रपंच कां आला, याचें उत्तर शोधूं गेल्यास केवळ व्यापाराचाच नव्हे, तर साम्राज्य ओसरल्यानंतरच्या जगाचाहि बराच इतिहास हातीं लागतो.

आधीं जुनें घर कसें होतें तें पाहिलें पाहिजे. १९३२ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील ओटावा येथें भरलेल्या परिषदेनें साम्राज्यांतर्गत सवलतीची पद्धति पक्की केली. ब्रिटननें परक्या मालावर जकात बसवावयाची, साम्राज्यांतील माल मात्र बिनजकात किंवा कमी जकातीनें आंत घ्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यांत वसाहतींनीं व हिंदुस्थाननें ब्रिटिश मालाला तशीच सवलत द्यावयाची, असा तो व्यवहार होता. आपल्याकडील राष्ट्रीय विचाराच्या लोकांना तो मुळींच पसंत नव्हता. हिंदुस्थानची निर्यात मुख्यतः कच्च्या मालाची. तो माल जगाला हवाच असतो. मग त्यावर नाममात्र सवलत घेऊन आपल्या बाजारांत ब्रिटिश मालाला झुकतें माप कां द्यावें, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. १९३६ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें ओटावा करार संपुष्टांत आणण्याच्या बाजूनें मत दिलें, आणि त्याच्या जागीं १९३९ सालीं नवा हिंदी-ब्रिटिश व्यापारी करार आला. त्या करारांतील सवलती वांचाव्यात म्हणून तीस वर्षांनीं स्वतंत्र भारताचे अधिकारी लंडन व ब्रुसेल्स येथील कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत होते, हें वाचून कोणाला हंसूं येईल. पण त्यांत हंसण्यासारखें फारसें नाहीं. एखादी भिंत आपण बांधलेली नसली, तरी तिच्या आडोशाला चाळीस वर्षें धंदे उभे राहिले म्हणजे ती पाडणाराला जाब विचारण्याचा अधिकार त्या धंद्यांना येतो.

शिवाय ब्रिटन नुसती सवलत काढून घेत नव्हतें. बाजारपेठेच्या सहा मूळ देशांनीं बाहेरच्या मालावर एकच सामायिक जकात ठरविली होती, आणि ती १ जुलै १९७७ पर्यंत टप्प्याटप्प्यानें ब्रिटनला पूर्णपणें लागू व्हावयाची होती. म्हणजे भारतीय मालावर पूर्वीं जेथें जकात नव्हती तेथें आतां ती बसणार. जर्मन किंवा इटालियन माल पूर्वीं जकात भरून येत असे, तो बिनजकात येणार. आणि त्याच्या जोडीला फ्रान्स व बेल्जम यांच्या जुन्या आफ्रिकन वसाहतींचा मालहि बिनजकात येणार, कारण १९६३ सालीं कॅमेरूनची राजधानी याउंदे येथें झालेल्या करारानें मादागास्करसह अठरा देश बाजारपेठेचे सहयोगी झाले होते. काल जो पाहुणा पाटावर बसला होता त्यानें आज उंबऱ्याबाहेर उभें राहून नव्या पंगतीचीं पानें वाढलेलीं पाहावयाचीं, असा हा प्रकार. अर्थशास्त्राचीं पुस्तकें याला ‘उलटा भेदभाव’ म्हणतात. पदवीच्या वर्गाला शिकवितांना मला मात्र पंगतीच्या दाखल्याहून सोपा दाखला सांपडलेला नाहीं.

ही भीति १९७१ सालीं उपजली असें नव्हे. मॅक्मिलन यांच्या सरकारनें १९६१ च्या ऑगस्टांत पहिला अर्ज केला तेव्हांपासूनच ती होती. १९६२ च्या सप्टेंबरांत लंडनला राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली. तेथें भारताचे नेहरू, पाकिस्तानचे अयूबखान आणि ऑस्ट्रेलियाचे मेंझीस असे एरवीं एका सुरांत न बोलणारे पुरुष या एका बाबतींत सारख्याच काळजीनें बोलले. त्या वेळच्या वाटाघाटींत सहा देश भारत, पाकिस्तान व सिलोन यांच्याशीं विस्तृत व्यापारी करार करण्यास तत्त्वतः राजी झाले होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. परंतु १४ जानेवारी १९६३ रोजीं द गॉल यांनीं पत्रकारांसमोर ब्रिटनला दार लावून घेतलें, आणि तो सारा मामला तेथेंच विरला. मागें उरला तो चहा. १९६४ पासून चहावरील जकात बाजारपेठेनें आणि ब्रिटननें स्थगित केली. आसामच्या व सिलोनच्या मळेवाल्यांना त्या दीड वर्षाच्या खटाटोपांतून मिळालेला लाभ तेवढाच. १९६७ सालीं विल्सन यांनीं दुसरा अर्ज केला, त्यालाहि द गॉल यांनीं नकारच दिला. द गॉल गेल्यावर १९७० च्या जूनमध्यें पुन्हा वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हां १९६२ सालचीं आशियाई वचनें कोणी त्याच स्वरूपांत टेबलावर ठेवलीं नाहींत.

याचें एक कारण आकड्यांत होतें. १९६०-६१ सालीं भारताच्या एकूण निर्यातीपैकीं शेंकडा जवळ जवळ २७ हिस्सा ब्रिटनला जात असे. १९७०-७१ सालीं तो शेंकडा ११ च्या आसपास येऊन ठेपला. आतां भारताचें फारसें कांहीं बिघडत नाहीं, असें म्हणणें त्यामुळें सोपें झालें. हा युक्तिवाद एका अर्थीं खरा आहे. पण सबंध देशाच्या निर्यातीचा आकडा निराळा आणि एकाच धंद्यावर जगणाऱ्या गांवाचा हिशेब निराळा. केरळच्या किनाऱ्यावरील काथ्याचे कारखाने, गुंटूरकडील व्हर्जिनिया तंबाखूचे शेतकरी, हुगळीकांठच्या तागाच्या गिरण्या यांना शेंकडेवारीचें समाधान किती दिवस पुरणार?

साखरेची हकीकत याहून वेगळी आहे, आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

१९५१ च्या अखेरीस ब्रिटननें राष्ट्रकुलांतील साखर पिकविणाऱ्या देशांशीं करार केला. ब्रिटनमध्यें तेव्हां साखर अजून रेशनवर मिळत होती. खात्रीचा पुरवठा ही ब्रिटनची गरज, आणि खात्रीची किंमत ही बेटांची गरज. दोन्ही गरजा एका कागदांत बसल्या. प्रत्येक देशाचा वांटा ठरला, आणि कार्यक्षम उत्पादकाला वाजवी किफायत होईल अशी किंमत वाटाघाटीनें ठरवावी असें तत्त्व मान्य झालें. भारताला मागाहून या करारांत २५,००० टनांचा लहानसा वांटा मिळाला. कराराचें मोल १९६६-६७ च्या सुमारास दिसून आलें. जगाच्या खुल्या बाजारांत साखर टनाला वीस पौंडांच्या खालीं घसरली असतां ब्रिटन या देशांना साडेत्रेचाळीस पौंड मोजत होतें, आणि त्यांतील गरीब देशांना वर थोडी भरहि घालीत होतें. त्या दोन वर्षांत हा करार नसता तर कित्येक बेटांवरील ऊंस उभा वाळला असता.

या करारावर जगणाऱ्या देशांत मॉरिशस हा सर्वांत मोठा वांटेकरी. १९६८ सालीं तो स्वतंत्र झाला तेव्हां त्याच्या निर्यातींत शेंकडा नव्वदाहून अधिक हिस्सा एकट्या साखरेचा होता. आणि तो ऊंस लावला कोणी? १८३४ पासून पुढें सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर गिरमिटावर त्या बेटाला नेले गेले. त्यांतले पुष्कळसे भोजपुरी मुलखांतले, कांहीं तामिळ व तेलुगु. पण मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणचे व घाटावरचे मराठी मजूरहि त्यांत होते. त्यांचे वंशज आजहि तेथें स्वतःला मराठी म्हणवितात, आपल्या मंडळ्या चालवितात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. गयानाला अशाच रीतीनें सुमारें २,३९,००० माणसें गेलीं, त्रिनिदादला १,४४,०००, फिजीला ६०,०००. तेव्हां लंडनमध्यें ज्याला ‘राष्ट्रकुलाच्या साखरेचा प्रश्न’ असें सभ्य नांव होतें, तो बऱ्याच अंशीं आपल्या गांवांतून उचलून नेलेल्या माणसांच्या पणतवंडांच्या भाकरीचा प्रश्न होता. हें नातें आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांत कोठें नोंदलेलें दिसत नाहीं. निर्यातीच्या तक्त्यांत रक्ताला रकाना नसतो.

राष्ट्रकुलाचा साखर-करार १९७४ च्या अखेरीस संपावयाचा होता. पुढें काय, हा प्रश्न घेऊन १९७१ च्या जूनच्या २ व ३ तारखांना लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्यें बैठक झाली. ब्रिटनच्या बाजूनें वाटाघाटी करणारे मंत्री जेफ्री रिपन यांनीं सहा देशांनीं देऊं केलेलें वाक्य उत्पादक देशांच्या प्रतिनिधींपुढें ठेवलें. ज्यांचें अर्थजीवन मूळ पदार्थांच्या, विशेषतः साखरेच्या, निर्यातीवर बऱ्याच अंशीं अवलंबून आहे अशा देशांच्या हिताचें रक्षण करणें बाजारपेठ ‘हृदयाशीं धरील’, असा त्या फ्रेंच वाक्याचा धात्वर्थ होता. इंग्रजींत येतांना तेंच ‘हा तिचा दृढ हेतु राहील’ असें झालें. संस्कृत टीकाकारांच्या परंपरेंत वाढलेल्या आपणां लोकांना शब्दाच्या अर्थावरून वाद घालण्याची हौस पुष्कळ. पण जमेका व बार्बाडोसच्या मंत्र्यांपुढील प्रश्न हौसेचा नव्हता. हृदयाशीं धरणें म्हणजे किती टन? आणि काय भावानें? या दोहोंचें उत्तर वाक्यांत नव्हतें. म्हणून प्रतिनिधींनीं ब्रिटनकडून खुलासा लिहून घेतला: या शब्दांचा अर्थ असा कीं, करारांत ठरलेल्या प्रमाणाइतक्या साखरेला वाढलेल्या बाजारपेठेंत योग्य अटींवर, खात्रीची व पुढें चालू राहणारी गिऱ्हाइकी मिळेल. तो खुलासा प्रसिद्ध झाला, सहा देशांनाहि कळविला गेला. परंतु तहाच्या मजकुरांत तो शिरला नाहीं. तहांत राहिलें तें हृदयच.

त्याच जून महिन्यांत न्यूझीलंडच्या लोण्याला व चीजला मात्र पांच वर्षांचे वर्षवार आकडे मिळाले आणि ते अठराव्या प्रोटोकॉलांत छापले गेले. न्यूझीलंड हा गरीब देश नव्हता. पण ब्रिटनमध्यें त्याच्याविषयीं आपुलकी होती, त्याचें लोणी प्रत्येक इंग्रज घरांत जात होतें, आणि त्याचे पाठीराखे पार्लमेंटांत बसत होते. आकडे कोणाला मिळतात आणि शब्द कोणाला, हें अशा वेळीं उघड होतें.

साखरेच्या बाजूनेंहि ब्रिटनमध्यें कोणी नव्हतें असें नाहीं. लंडन, लिव्हरपूल व ग्रीनॉक येथील बंदरांवरचे शुद्धीकरणाचे मोठे कारखाने बाहेरून येणाऱ्या कच्च्या उसाच्या साखरेवर चालत. ती बंद झाली तर तेथील इंग्रज व स्कॉटिश मजूर घरीं बसणार होते. युरोपांतील बीटची साखर म्हणजे त्यांना सरळ प्रतिस्पर्धी. म्हणून बेटांचा ऊंस आणि ब्रिटिश मजुराची मजुरी एका दोरीनें बांधली गेली होती. कापडाचें नेमकें उलटें. तेथें लँकेशायरचा मजूर भारतीय विणकराचा वैरी होता. १९६० पासूनच भारताच्या सुती कापडावर ब्रिटनमध्यें प्रमाणाची मर्यादा होती. आणि कापडाच्या बाबतींत ब्रिटननें युरोपची वाटहि पाहिली नाहीं. १ जानेवारी १९७२ पासून, म्हणजे बाजारपेठेंत पाऊल टाकण्याच्या वर्षभर आधीं, राष्ट्रकुलांतील सुती कापडावर शेंकडा १५ जकात बसली आणि प्रमाणाची मर्यादाहि तशीच राहिली. भारतानें विरोध नोंदविला. मुंबईच्या गिरणगांवाला ब्रिटनच्या युरोपप्रेमाची पहिली झळ अशी प्रवेशाच्या आधींच लागली.

आतां दुसऱ्या पुरवणीकडे वळूं. हेतूच्या निवेदनांत म्हटलें होतें तें थोडक्यांत असें: वाढलेली बाजारपेठ या पांच देशांशीं व्यापारी संबंध विस्तृत व दृढ करण्यास उत्सुक आहे, प्रवेशाच्या दिवसापासून, व्यापारांत ज्या अडचणी उद्भवतील त्या या देशांबरोबर तपासून पाहण्यास ती तयार आहे, आणि तसें करतांना विकसनशील देशांसाठीं असलेल्या सर्वसाधारण जकात-सवलतीच्या योजनेची व्याप्ति विचारांत घेतली जाईल. ‘उद्भवतील त्या अडचणी’ हे शब्द पाहावे. अडचणी उद्भवणार हें ठाऊक होतें, कोणत्या तेंहि ठाऊक होतें, दहा वर्षें त्यांवर कागद लिहिले जात होते. तरी निवेदनाच्या लेखी त्या अजून जन्मावयाच्या होत्या. बांगलादेश तर त्या पांच नांवांतहि नव्हता. निवेदन ठरलें तेव्हां तो पाकिस्तानचा भाग होता, आणि ताग पिकविणारा मुलूख तोच!

या देशांना आफ्रिकेप्रमाणें सहयोगी कां करून घेतलें नाहीं? सहा देशांनीं १९६३ सालींच असें जाहीर केलें होतें कीं, जुन्या आफ्रिकन सहयोग्यांसारखी ज्यांची अर्थव्यवस्था व उत्पादन आहे अशाच देशांना दार खुलें राहील. या मापानें भारत बाद होत होता: फार मोठा, गिरण्या असलेला, आणि कापड स्वस्त विणणारा. १९७१ च्या शिरगणतींत भारताची लोकसंख्या ५४ कोटी ८० लक्ष भरली. मॉरिशसची तेव्हां सव्वाआठ लक्षांच्या आसपास होती. सव्वाआठ लक्षांवर दया करणें परवडतें, चौपन्न कोटींवर करणें परवडत नाहीं, हा हिशेब कोणी तहांत लिहीत नाहीं. पण तो सर्वांच्या मनांत होता. गरिबी मोजण्याचें माप डोई किती मिळकत हें असतें तर आशियाई देश कित्येक सहयोग्यांच्या आधीं आंत बसले असते. येथें मोजली गेली ती गरिबी नव्हे, तर गरिबाचा आकार आणि त्याचा जुना धनी कोण होता ही गोष्ट. दुसऱ्या बाजूनें हेंहि कबूल केलें पाहिजे कीं, सहयोगित्व भारताला मानवलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे. घानाचे एन्क्रूमा त्याला नव्या वेषांतील वसाहतशाही म्हणत, आणि याउंदे करारांत आफ्रिकन देशांनीं युरोपीय मालाला उलट सवलत द्यावयाची होती. ज्या कायदेमंडळानें १९३६ सालीं ओटावा नाकारला, त्याच्या वारसांना तेंच नवें ओटावा गोड लागलें असतें असें वाटत नाहीं.

राहिली ती सर्वसाधारण सवलतीची योजना. बाजारपेठेनें ती १ जुलै १९७१ रोजीं, जगांत सर्वांच्या आधीं, सुरू केली, याचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. परंतु तिची घडण कशी होती? कारखानदारी मालाच्या प्रत्येक प्रकाराला बिनजकात आयातीची वरची मर्यादा ठरलेली. ती काढण्याचा हिशेब असा कीं, १९६८ सालीं लाभधारक देशांतून जेवढ्या किंमतीचा माल आला तेवढा, अधिक इतर देशांतून आलेल्या मालाच्या शेंकडा ५. शिवाय त्या मर्यादेंतहि एकट्या देशानें सामान्यतः अर्ध्याहून अधिक हिस्सा घ्यावयाचा नाहीं. म्हणजे ज्या मालांत तुम्ही तरबेज, त्याच मालांत लगाम आधीं ओढला जाई. ताग व काथ्याच्या मालासाठीं तर वेगळे करार करावे लागले. घोड्याला धांवण्याचें बक्षीस लावावें आणि पायाला दावें बांधावें, तशी ती योजना होती.

भारताच्या बाजूनें ब्रुसेल्समध्यें हें प्रकरण ज्यांनीं लढविलें त्यांत के. बी. लाल यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १९६२ सालीं भारतानें बाजारपेठेशीं राजनैतिक संबंध जोडले, तेव्हां पहिले राजदूत तेच होते, आणि प्रवेशानंतर पुन्हा तेच तेथें आले. हेतूच्या निवेदनांतून कांहीं तरी हातीं लागेल असा कागद काढावयाचा, हें त्यांच्यापुढील काम. १७ डिसेंबर १९७३ रोजीं भारत व बाजारपेठ यांच्यांत व्यापारी सहकार्याचा करार झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलांत आला. त्या धर्तीचा तो पहिलाच करार होय. श्रीलंकेशीं १९७५ सालीं, पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशीं १९७६ सालीं तसेच करार झाले. त्यांत नवी जकात-सवलत नव्हती. होता तो एक संयुक्त आयोग. दोन्ही पक्षांनीं ठराविक काळानें बसावें, अडचणी मांडाव्यात, मार्ग शोधावेत. लाल यांनीं मोकळ्या हातांनीं वाटाघाट करून एवढें मिळविलें, आणि तें थोडें नव्हे. पण प्रत्येक आशियाई देश ब्रुसेल्सच्या दाराशीं वेगळा गेला आणि वेगळाच परत आला, ही गोष्ट तारखांवरूनच दिसते.

आफ्रिका व कॅरिबियनमध्यें याच सुमारास घडलें तें नेमकें याच्या विरुद्ध. बाविसाव्या प्रोटोकॉलानें वीस देशांना तीन वाटा दाखविल्या होत्या: याउंदे पद्धतीचें पूर्ण सहयोगित्व, त्याहून सैल असा दुसरा एक सहयोग, किंवा निव्वळ व्यापारी करार. ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें निवड करावी. मॉरिशसनें तर १९७२ सालींच याउंदे करारावर सही करून टाकली. अशी निवड करीत बसलों तर आपण वीस ठिकाणीं फुटूं, हें इतरांच्या, विशेषतः नायजेरियाच्या, ध्यानांत आलें. राष्ट्रकुलाचे कार्यवाह आर्नोल्ड स्मिथ यांनींहि एकत्र बोलण्याचा सल्ला दिला. जुलै १९७३ मध्यें ब्रुसेल्स येथें बोलणीं सुरू झालीं तेव्हां आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक यांचे तीन प्रवक्ते होते. लौकरच एकच प्रवक्ता सर्वांच्या वतीनें बोलूं लागला. गयानाचे परराष्ट्रमंत्री श्रीदत्त रामफळ हे त्यांतले एक प्रमुख पुरुष, आणि त्यांचे पूर्वज गिरमिटावर गेलेल्या हिंदी मजुरांपैकींच. फ्रेंच बोलणारे जुने सहयोगी व इंग्रजी बोलणारे नवे उमेदवार यांना एकमेकांविरुद्ध खेळविणें आतां युरोपला जमेना.

मध्यंतरी जगहि बदललें. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किंमती भडकल्या, कच्च्या मालाला भाव आला, आणि नोव्हेंबर १९७४ मध्यें लंडनच्या बाजारांत साखर टनाला ६०० पौंडांच्या वर गेली. जी साखर घ्या म्हणून बेटें विनवीत होतीं, तीच द्या म्हणून आतां गिऱ्हाईक विनवूं लागलें. त्या घटकेला बेटांनीं हमीचा करार झुगारून खुल्या बाजारांत उडी घेतली असती तर एक-दोन वर्षें त्यांची चंगळ झाली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. तेजीच्या शिखरावर उभें राहून मंदीचा करार त्यांनीं पुरा करून घेतला. माझ्या मतें या सबंध प्रकरणांतला शहाणपणाचा हा सर्वांत मोठा क्षण होय.

२८ फेब्रुवारी १९७५ रोजीं टोगोची राजधानी लोमे येथें नऊ युरोपीय देश आणि छेचाळीस आफ्रिकन, कॅरिबियन व पॅसिफिक देश यांनीं करारावर सह्या केल्या. उलट सवलतीची अट गेली. निर्यातीचें उत्पन्न घसरल्यास भरपाई करणारा निधि आला. आणि साखरेच्या प्रोटोकॉलानें ‘हृदया’चा अर्थ टनांत सांगितला: मॉरिशस ४,८७,२००, फिजी १,६३,६००, गयाना १,५७,७००, जमेका १,१८,३००, स्वाझिलंड १,१६,४००, त्रिनिदाद ६९,०००, बार्बाडोस ४९,३००; तेरा देशांचे मिळून १२,२१,५०० टन. किंमत युरोपांतील बीटच्या साखरेच्या भावाच्या पल्ल्यांत दरवर्षीं ठरावयाची. भारतालाहि त्याच धर्तीचा स्वतंत्र करार मिळाला, तो जुन्याच २५,००० टनांचा. म्हणजे मॉरिशसच्या वांट्याचा एकोणिसावा हिस्सा, तेव्हांच्या भारतीय साखर-उत्पादनाच्या हिशेबांत चिमूटभर. पुढें तोहि १०,००० टनांवर आला. तरी सामायिक बाजारपेठेनें या देशाला टनांत आणि किंमतीच्या हमींत दिलेलें वचन म्हणून त्या लहान कागदाला किंमत आहे.

साखरेच्या प्रोटोकॉलाचें पहिलें कलम खरेदीचें वचन अनिश्चित काळापर्यंत देतें. दहावें कलम दोन वर्षांची नोटीस देऊन तें मोडण्याची मुभा देतें. तीन दशकें पहिल्या कलमाचें राज्य चाललें. नंतर ऑस्ट्रेलिया, ब्राझील व थायलंड यांच्या तक्रारीवरून २००५ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत युरोपच्या साखरनीतीविरुद्ध निकाल लागला. युरोपनें हमीच्या भावांत शेंकडा ३६ ची कपात ठरविली, सप्टेंबर २००७ मध्यें नोटीस दिली, आणि ३० सप्टेंबर २००९ रोजीं प्रोटोकॉल संपला. त्रिनिदादची करोनी ही सरकारी साखर-कंपनी २००३ सालींच बंद पडली होती. सेंट किट्स बेटानें २००५ सालीं शेवटचा ऊंस गाळला. मॉरिशसनें कच्ची साखर पाठविणें सोडून शुद्ध पांढरी व खास प्रतीची साखर पाठविण्याची तयारी केली, साखर-कारखान्यांची संख्या कमी केली, आणि पुष्कळ जुन्या मजुरांना मोबदला व घरापुरता जमिनीचा तुकडा देऊन निवृत्त केलें.